पदकाची कड वाचा, मगच सराफाकडे जा



"आजोबांच्या ट्रंकेत हे नाणं सापडलं. कुठलं आहे? किती येतील?" असे फोटो मला अधूनमधून येत असतात, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून जरा जास्तच. त्यातल्या एका वस्तूबद्दल आज लिहितो, कारण ती सराफाच्या मुशीत जाऊन आटते आहे.

पहिली गोष्ट, ते नाणं नाही. ते पहिल्या महायुद्धाचं पदक आहे. ओळखायला सोपं. चांदीचं, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं, वर अडकवायला आडवी दांडी. एका बाजूला पंचम जॉर्ज. रुपयावर तो मुकुट घालून असतो, इथं बोडका आहे. दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि 1914, 1918 ही सालं. हेच पदक काशाचं असेल तर ते बहुधा लेबर कोअरमधल्या, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या माणसाचं. सोबत पंख असलेल्या देवीचं पितळी रंगाचं पदक असेल तर ते विजयपदक.

आता खरी गंमत. पदक आडवं धरा आणि कड बघा. भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. बारीक इंग्रजी अक्षरं दिसतील: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. नावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला लागलं तसं असतं, म्हणून मोठ्याने वाचा, लगेच कळतं.

पलटणीचा आकडा बघून गोंधळू नका. 1922 मध्ये सगळे नंबर बदलले. 103 ची पहिली मराठा झाली, 105 ची दुसरी, 110 ची तिसरी, 116 ची चौथी, 117 ची पाचवी. '111 महार' असं असेल तर ती 1917 मध्ये उभारलेली आणि युद्धानंतर मोडीत काढलेली पलटण.

ही माणसं गेली कुठं? बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. 29 एप्रिल 1916 ला कूत इथं इंग्रजी फौज तुर्कांना शरण गेली, तेव्हा वेढ्यात 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. उपासमारीनंतर कैद, आणि कैदेतून कितीतरी जण परतलेच नाहीत.

त्या आघाडीवर मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी 1929 मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. गोऱ्या सैनिकांची नावं दगडावर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायाचं मात्र नाव नाही. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा! 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने असल्या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. बरं झालं, पण शंभर वर्षांनी.

म्हणून म्हणतो, ती कड साधी नाही. दगडावर ज्याला जागा दिली नाही, त्याचं नाव सरकारने तिथं उमटवलं. पदक आटवलं की चांदीचा भाव मिळेल, नाव गेलं ते गेलं.

तेव्हा एवढं करा. चिंच, राख, पितांबरी काही लावू नका, अक्षरं झिजतात. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो काढा. माणूस युद्धातून परत आला नसेल तर कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं; नोंदीत कधी कधी बापाचं नाव, गाव, जिल्हाही सापडतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, हे कुणाचं? ते सांगणारं कुणी उरलं नाही की कडेवरचं नाव वाचूनही तो आपला कोण, हे कळायचं नाही.

विकायचंच असेल तर तुमची मर्जी. पण आधी नाव वाचा, लिहून ठेवा, पोरांना सांगा. कडेवरचं नाव वाचता येत नसेल तर फोटो खाली कमेंटमध्ये टाका, मिळून वाचू.