वेबसाईट तयार झाली, पण गुगलवर दिसत नाही? नवं पान गुगलला सापडतं कसं, समजून घ्या

समजा, लातूरमध्ये तुम्ही नवा क्लास सुरू केला. वेबसाईट बनवली, लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवली, इन्स्टाग्रामवर बॅनर टाकलं. आठ दिवसांनी उदगीरच्या एका पालकाने गुगलवर क्लासचं नाव शोधलं, तर काहीच आलं नाही. आणि मग एक फोन येतो, ‘पैसे भरा, तुमची साईट गुगलवर चढवून देतो.’

पैसे देण्याआधी हे वाचा.

गुगल नेमकं कुठे शोधतं?

‘किल्लारी भूकंप’ असं टाईप केलं की क्षणात निकालांची यादी समोर येते. त्या क्षणी गुगल जगभरातल्या वेबसाईट धुंडाळत नसतं. ते स्वतःकडे आधीच तयार असलेल्या सूचीत पाहतं. या सूचीला ‘इंडेक्स’ म्हणतात.

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसंच हे आहे. ‘किल्लारी’ हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे, ‘भूकंप’ कोणत्या पानांवर आहे, याची नोंद आधीच झालेली असते. म्हणून सूचीत नसलेलं पान इंटरनेटवर असूनही गुगलच्या निकालात येत नाही.

पान सूचीत जातं कसं?

यात तीन टप्पे आहेत.

१. शोध: गुगलकडे ‘गुगलबॉट’ नावाचा प्रोग्राम आहे. तो माहीत असलेल्या पानांवर जातो आणि तिथल्या लिंक पकडून पुढच्या पानांवर पोहोचतो. तुमच्या पानाकडे येणारी एकही लिंक नसेल, तर त्याला तुमचा पत्ता कळणार कसा?

२. वाचन: पत्ता मिळाल्यावर बॉट पान उघडून त्यातला मजकूर, शीर्षक आणि लिंक वाचतो. याला ‘क्रॉलिंग’ म्हणतात.

३. नोंद: पान कशाबद्दल आहे, तोच मजकूर आधी दुसरीकडे आहे का, हे तपासून पान सूचीत घेतलं जातं. प्रत्येक पान घेतलं जाईलच, अशी हमी गुगल देत नाही.

याला किती वेळ लागतो? गुगलच्याच माहितीनुसार काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत.

व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली लिंक का चालत नाही?

कारण गुगलबॉट तुमच्या ग्रुपमध्ये नसतो. खासगी ग्रुपमधले मेसेज त्याला दिसत नाहीत. फेसबुक, इन्स्टाग्रामवरचं बरंच काही लॉगिन केल्याशिवाय उघडत नाही. तिथून माणसं तुमच्या साईटवर येतील, पण बॉट येईल या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा एखाद्या शाळेच्या, संस्थेच्या किंवा स्थानिक बातम्यांच्या साईटवर तुमची लिंक असणं जास्त उपयोगाचं.

मराठी साईटची खास अडचण

क्लासची फी, बॅचची वेळ, पत्ता हे सगळं एका बॅनरच्या फोटोत असेल, तर सर्च इंजिनला त्यातून फारसं काही हाती लागत नाही. तीच माहिती पानावर टाईप करून लिहा.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. युनिकोड रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये स्क्रीनवर ‘लातूर’ दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. वाचणाऱ्याला मराठी दिसतं, बॉटला मात्र निरर्थक अक्षरांची रांग. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच हवा.

मग करायचं काय?

- सर्च कन्सोल: गुगलची ही सेवा मोफत आहे. साईट तुमची असल्याचं सिद्ध करा आणि ‘यूआरएल इन्स्पेक्शन’मध्ये पानाचा पत्ता टाका. पान सूचीत आहे की नाही, नसेल तर का, हे तिथे कळतं. नोंद करण्याची विनंतीही तिथूनच करता येते.
- साईटमॅप: ही तुमच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची फाईल. एका फाईलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते चालतात. वर्डप्रेस वापरत असाल, तर ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून ती आपोआप तयार होते.
- बंद दार तपासा: वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ विभागात, सर्च इंजिनांना साईट न दाखवण्याचा एक चौकोन असतो. साईट बनवताना त्यावर टिक केली जाते आणि नंतर काढायची राहून जाते. साईट न दिसण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.
- आतल्या लिंक: नव्या पानाची लिंक मुख्य पानावर द्या.
- बिंग: मायक्रोसॉफ्ट बिंगसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली ‘इंडेक्सनाऊ’ ही सोय आहे. नवं पान आलं की साईटच सर्च इंजिनला तसं कळवते. गुगल मात्र ती वापरत नाही.

‘पहिल्या नंबरवर आणतो’ म्हणणाऱ्यांचं काय?

सूचीत येणं आणि वरच्या क्रमांकावर दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान सूचीत घेण्यासाठी किंवा निकालात वर आणण्यासाठी गुगल पैसे घेत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. साईट नीट करून देणाऱ्याने कामाचे पैसे मागणं रास्त आहे, पण पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही.

तेव्हा तो फोन पुन्हा आला, तर एवढंच विचारा, ‘सर्च कन्सोलमध्ये माझ्या पानाबद्दल काय दिसतंय?’ उत्तर टाळलं, तर फोन ठेवा आणि स्वतःच तपासा.