बीजशब्द-शोध व त्याचे दस्तऐवजीकरण

लेखसंग्रहातील हवा तो लेख त्यात आलेल्या विशिष्ट शब्दावरून हुडकून काढण्याची पद्धती. अशा शब्दास बीजशब्द वा व्यवहारात ‘कीवर्ड’ म्हणतात. संग्रहात काय आहे, शब्द लेखाच्या कोणत्या भागात शोधला जातो आणि उत्तर कोणत्या मर्यादेत मिळते, यांच्या लेखी वर्णनास शोधसाधनाचे दस्तऐवजीकरण म्हणतात. दिलेले काम टप्प्याटप्प्याने स्वतः पार पाडणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ अशी साधने वापरू लागल्यापासून या वर्णनास नवे महत्त्व प्राप्त झाले आहे.

पूर्वेतिहास : पॅरिस येथील डॉमिनिकन मठात सेंट शेरचा ह्यू याच्या देखरेखीखाली तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात लॅटिन बायबलची शब्दानुक्रमणी तयार झाली. वैदिक मंत्रांच्या चरणांची मॉरिस ब्लूमफील्डकृत सूची १९०६ मध्ये प्रसिद्ध झाली, तर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची प्रतीकसूची १९६७–७२ या काळात प्रकाशित केली. या दोन्हींत चरणाच्या आरंभीच्या शब्दांवरून स्थळ सापडते. ग्रंथाच्या शीर्षकातील शब्दांवरून सूची करण्याची कल्पना आंद्रेआ क्रेस्तादोरो याने १८५६ मध्ये मांडली. हान्स पीटर लून (१८९६–१९६४) याने १९५८ च्या सुमारास हेच काम संगणकाकडून करवून घेतले. शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द आजूबाजूच्या शब्दांसह वर्णानुक्रमे छापणारी त्याची सूची रसायनशास्त्रीय नियतकालिकांच्या क्षेत्रात लवकरच रूढ झाली.

कार्यपद्धती : संगणकीय शोधाचा पाया ‘उलटी सूची’ हा होय. तीत प्रत्येक शब्दापुढे तो ज्या लेखांत येतो त्यांचे क्रमांक नोंदलेले असतात. लेखांचा क्रम लावताना संग्रहात क्वचित आढळणाऱ्या शब्दास अधिक वजन द्यावे, हे तत्त्व कॅरेन स्पार्क जोन्स (१९३५–२००७) या ब्रिटिश विदुषीने १९७२ मध्ये मांडले. पुढील अनेक गुणांकनसूत्रांत ते अंतर्भूत झाले.

मर्यादा : या पद्धतीत शब्द सापडतो, अर्थ सापडेलच असे नाही. डेव्हिड ब्लेअर व एम. ई. मॅरन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे ठळकपणे दिसून आले. एका दाव्यातील सुमारे ४०,००० दस्तऐवजांच्या (सु. ३,५०,००० पृष्ठे) संग्रहात शोध घेणाऱ्या वकिलांना उपयुक्त दस्तऐवजांपैकी किमान ७५ टक्के आपल्या हाती आले असे वाटत होते. प्रत्यक्षात ते प्रमाण सरासरी २० टक्के होते. काही कागद ज्यास ‘अपघात’ म्हणत, त्यालाच इतर कागद ‘घटना’ किंवा ‘अडचण’ म्हणत होते. जे सापडले नाही ते दिसतही नाही. त्यामुळे चूक झाल्याची जाणीवच होत नाही, हा या पद्धतीतील मुख्य धोका होय.

एजंटांसाठी दस्तऐवजीकरण : अनुभवी ग्रंथपालास संग्रहातील उणिवा सरावाने कळतात. एजंटापुढे मात्र बहुधा साधनाचे नाव, त्याचे वर्णन व त्यास पुरवावयाच्या माहितीचा आराखडा एवढेच असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या खुल्या संकेतप्रणालीतही साधनाची ओळख याच घटकांनी करून दिली जाते. साधन केव्हा वापरावे हे भाषा-प्रतिमान वर्णन वाचूनच ठरवते. म्हणून वर्णन हा साधनाचाच कार्यकारी भाग ठरतो.

उदा., अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ‘पबमेड’ ही सेवा १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे. तिच्यात लेखाची नोंद, सारांश व विषयशीर्षके शोधली जातात. संपूर्ण संहिता नव्हे. संगणक-कार्यक्रमांद्वारे शोध घेतल्यास एकूण संख्येबरोबर लेखांचे क्रमांक मिळतात. पण वेगळी सूचना नसल्यास पहिले २० च. सारांश दुसऱ्या विनंतीने मागवावा लागतो. या गोष्टी वर्णनातून गळाल्यास एजंट २० नोंदींनाच सर्व वाङ्मय समजेल, किंवा संहितेत दडलेला उल्लेख न सापडल्याने तसे संशोधनच झालेले नाही असा निष्कर्ष काढील. वैद्यकासारख्या विषयात अशा निष्कर्षाचे परिणाम गंभीर होऊ शकतात. म्हणून संग्रहाची व्याप्ती व कालमर्यादा, उत्तरांची कमाल संख्या, समानार्थी शब्दांची दखल आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ यांची स्पष्ट नोंद चांगल्या वर्णनात आवश्यक असते. तांत्रिक बिघाडामुळे उत्तर न येणे आणि शोध पूर्ण होऊन काहीच न सापडणे यांतील भेदही त्यात सांगावा लागतो.

मराठी संग्रहांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. ‘पाणी’ हा शब्द अक्षरशः शोधणाऱ्या साधनास ‘पाण्यात’ व ‘पाण्याचा’ ही रूपे आढळत नाहीत. शिवाय जुन्या व नव्या शुद्धलेखनामुळे एकाच शब्दाची भिन्न रूपे संभवतात. साधन मूळ शब्द ओळखते की केवळ अक्षरे जुळवते, हे वर्णनात नमूद असल्यास एजंट पर्यायी रूपे वापरून पुन्हा शोध घेऊ शकतो.