बोटांचं कौतुक, हुन्नराचं काय?

मोबाइलमधल्या चिपचे कारखाने आता आपल्या देशात उभे राहताहेत. पण या धंद्यात बाया कधीपासूनच राबताहेत.

१९६५ मध्ये अमेरिकेत शिपरॉक गावी फेअरचाइल्ड कंपनीने नवाहो आदिवासी बायांना कामाला घेतलं. काम डोळे फोडणारं, सूक्ष्मदर्शकाखालचं. या बाया पिढ्यान्‌पिढ्या गालिचे विणतात, कला त्यांच्या अंगातच आहे, असं कंपनीने कौतुकाने छापलं. १९७५ मध्ये तो कारखाना बंद पडला.

मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ झालं, परदेशी पाठवायच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठी. तिथेही जुळणीला बहुतेक तरुण मुलीच.

मेख कौतुकातच आहे. कला अंगातलीच म्हटली की शिकवायला नको, मजुरी वाढवायला नको. कापूस वेचायला बाईचाच हात लागतो, हे आपण यवतमाळात ऐकतोच की! मजुरी ठरवताना तो हात कोणाला आठवतो?

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा कोर्स असतो. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. दहावीच्या मुलींची यादी गटाच्या पुढच्या बैठकीत करू. आणि कोणी कंपनीवाला मुली मागायला आला, तर आधी विचारू: नुसती जुळणी, की यंत्र दुरुस्त करायलाही शिकवणार?