आउटबोर्ड इंजिनातील तेलपुरवठा व दोषनिदान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
यंत्राचा इतिहास हा बहुधा त्याच्या शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र बिघडते कसे आणि तो बिघाड ओळखण्याची पद्धत कशी घडत जाते, याकडे तुलनेने दुर्लक्ष होते. लहान बोटीच्या मागील फळीवर बसविल्या जाणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण वंगण खंडित झाल्यास इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते आणि किनारा दूर असतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे तेलपुरवठ्याच्या स्थित्यंतरांचा आढावा घेण्यात आला आहे.

हाताने मिसळलेले तेल :
नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे सुमारे दीड अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन विक्रीस आणले. या इंजिनाची रचना टू-स्ट्रोक होती. १८९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ डे यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत इंधन व हवेचे मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे तेथे तेल साठवून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पूर्वीच्या इंजिनांत साध्या बेअरिंगमुळे तेलाचे प्रमाण अधिक असे. १६ भाग पेट्रोलास १ भाग तेल हे प्रमाण दीर्घकाळ रूढ होते. पुढे सुईसारख्या रोलरांची बेअरिंगे व सुधारित तेले आली आणि १९६० च्या दशकात ५०:१ हे प्रमाण प्रचलित झाले. या काळात दोषनिदान सोपे होते. चूक झालीच तर ती मापात किंवा मिसळण्यात असे व तिची जबाबदारी वापरणाऱ्यावर असे.

स्वयंचलित पुरवठा आणि अविश्वास :
मोटारसायकलींसाठी यामाहाने १९६४ मध्ये स्वतंत्र तेलपंपाची ‘ऑटोल्यूब’ पद्धत आणली होती. आउटबोर्ड क्षेत्रात आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये ‘व्हीआरओ’ ही प्रणाली प्रसृत केली. क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांवर चालणारा एकच पंप इंधन व तेल ओढून त्यांचे मिश्रण करीत असे. धूर व तेलाचा खर्च कमी व्हावा, हा तिचा हेतू होता. मात्र प्रारंभीच्या इशारा यंत्रणेचा भर टाकीतील तेलाच्या पातळीवर होता. टाकी भरलेली असूनही तेल इंजिनापर्यंत पोहोचत नसेल, तर ते कळणे कठीण होते. तेलाचा प्रवाह जाणणारा संवेदक नंतर पंपात समाविष्ट करण्यात आला. दरम्यान अनेक बोटमालकांनी ही प्रणाली निकामी करून पुन्हा हाताने तेल मिसळण्यास सुरुवात केली.

तथापि प्रत्येक बिघाडाचे खापर पंपावर फोडणे योग्य ठरत नाही. नळीतील गळतीतून शिरणारी हवा, तुंबलेली गाळणी, दबलेली नळी व टाकीत साचलेले पाणी हीही कारणे असतात. याच अनुभवातून दोषनिदानाचा एक क्रम रूढ झाला. इशारा वाजताच वेग कमी करून इंजिन बंद करावे. पातळी, गाळणी व नळ्या तपासाव्यात. त्यानंतर टाकीवर खूण करून तेलाची घट मोजावी. पूर्ण वेगाने ५० लिटर पेट्रोल खर्च झाल्यास सुमारे १ लिटर तेल कमी झाले पाहिजे. या चाचणीच्या वेळी ५०:१ मिश्रण असलेले पेट्रोल वापरावे. पंप चालू असल्यास तेल दुप्पट होऊन धूर वाढतो. पंप बंद असल्यास इंजिन वाचते.

पर्यावरणीय निर्बंधांनंतर :
१९९६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आउटबोर्ड इंजिनांच्या उत्सर्जनावर निर्बंध जाहीर केले व ते १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यानंतरच्या थेट इंधन-अंतःक्षेपण पद्धतीत पेट्रोल क्रँककेसमधून जातच नाही. परिणामी पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचा जुना आधार नाहीसा झाला आणि तेलपंप हा एकमेव पर्याय उरला. दुसरीकडे, होंडाने १९६४ पासून पुरस्कारिलेल्या फोर-स्ट्रोक इंजिनांचा प्रसार झाला. त्यांत तेलाचा स्वतंत्र साठा असल्याने प्रश्नाचे स्वरूप बदलले. तेथे तेल कमी होण्याइतकेच, त्यात पेट्रोल मिसळून पातळी वाढणे हेही दोषाचे लक्षण मानले जाते. एव्हिन्रूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये थांबविण्यात आले.

निष्कर्ष :
तेलपुरवठ्याचे काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेले, परंतु लक्ष ठेवण्याची जबाबदारी संपली नाही. तिचे केवळ रूप बदलले. पूर्वी माप अचूक असावे लागे, आता इशाऱ्याचा अर्थ कळावा लागतो. स्वयंचलित प्रणालीवरील विश्वास तिच्या कार्यक्षमतेइतकाच तिचा दोष वेळेवर दिसण्यावर अवलंबून असतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.