फिशिंग

फिशिंग म्हणजे बँक, सरकारी कार्यालय किंवा परिचित व्यक्ती असल्याची बतावणी करून पासवर्ड, ओटीपी, पिन अथवा पैसे मिळवण्याचा फसवणुकीचा प्रकार होय. मासे गळाला लावणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून हे नाव पडले. संगणक यंत्रणा न फोडता माणसाचा विश्वास, भीती किंवा घाई यांचा फायदा घेण्याच्या तंत्राला सोशल इंजिनिअरिंग म्हणतात. फिशिंग हा त्याचाच एक प्रकार आहे. राजकारणातील याच नावाच्या संज्ञेशी त्याचा संबंध नाही. लघुसंदेशाद्वारे होणाऱ्या प्रकारास स्मिशिंग, तर दूरध्वनीवरून होणाऱ्या प्रकारास व्हिशिंग म्हणतात.

पुण्यातील प्रकरणे

२००५ साली पुण्यातील एम्फसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील आजी-माजी कर्मचाऱ्यांना अटक झाली. सिटीबँकेच्या अमेरिकेतील ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे पिन मिळवल्याचा व सुमारे ३.५ लाख डॉलर वळते केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये सिरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकास आदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲप संदेश आले. त्यांतील सूचनेनुसार कंपनीने १ कोटी रुपयांहून अधिक रक्कम अनोळखी खात्यांत भरली. संदेश बनावट असल्याचे नंतर उघड झाले व बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला.

ओळखण्याच्या खुणा

* खाते बंद होईल, वीज तोडली जाईल, अटक होईल अशी धमकी देऊन तातडीची कृती मागणे. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही.
* ओटीपी अथवा पिन विचारणे. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही.
* संकेतस्थळाच्या पत्त्यात किरकोळ फेरफार असणे. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता ठरवून दिला आहे.
* वरिष्ठांच्या नावाने नव्या खात्यात रक्कम भरण्याची सूचना येणे. अशा वेळी आधीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करतात.

कायदा व तक्रार

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ड नुसार संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याला सोसावे लागते. त्यानंतरचे नुकसान बँकेवर असते. त्यामुळे बँकेला व १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला तत्काळ कळवणे महत्त्वाचे ठरते. लवकर कळवल्यास पुढील खात्यांत गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता वाढते. वडगाव मावळ व लोणावळा येथील पोलीस ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांच्या अखत्यारीत येतात.