उत्तर कारेलिया प्रकल्प

फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली सुरू झालेला, लोकांच्या रोजच्या सवयी बदलून हृदयविकाराला आळा घालण्याचा प्रयोग.

जंगलांच्या आणि तळ्यांच्या या मुलखात लाकूडतोड आणि दुग्धव्यवसाय हीच मुख्य कामे. अंगमेहनतीला तोटा नव्हता, तरी ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने दगावत. कारण ताटात होते. पावावर लोण्याचा जाड थर, स्वयंपाकही लोण्यातच, सायीसकट दूध, चरबीदार डुकराचे मांस, मीठ सढळ हाताने आणि भाज्या नावापुरत्या. त्यात निम्म्याहून अधिक पुरुषांना धूम्रपानाची सवय. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे मदतीची मागणी केली आणि काम पेक्का पुस्का या विशीतल्या डॉक्टरकडे आले.

पुस्का यांचे मोठेपण असे की, त्यांनी दोष माणसांच्या माथी मारला नाही. पत्रके वाटून सवयी सुटत नाहीत, हे त्यांनी लवकर ओळखले आणि ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरले. गावोगाव जेवणावळी झाल्या. तिथे नेहमीच्याच कारेलियन रश्श्यात मांस कमी करून गाजर, बटाटे आणि रुताबागा हे कंद वाढवले जात. लोक चवीने जेवत आणि कृती घरी नेत. सॉसेजवाल्यांनी चरबी व मीठ कमी करून त्यात अळंबी मिसळली. गावागावांत कोलेस्टेरॉल घटवण्याच्या स्पर्धाही लागल्या.

दूधउत्पादक मात्र बिथरले, आणि त्यांची चिंता खरीच होती. लोणी खपले नाही तर खायचे काय? म्हणून त्यांना बेरीच्या लागवडीकडे वळवण्यात आले. थंडीत तग धरणारे मोहरीच्या कुळातील तेलबियांचे वाण आल्यावर लोण्याला देशी पर्यायही मिळाला.

पाच वर्षांनी हे काम देशभर नेण्यात आले. १९९७ मध्ये प्रकल्प औपचारिकरीत्या संपला. पुढे ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. उपचारही याच काळात सुधारले, पण घटीचा मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी झाल्याचा, त्यातही सर्वाधिक कोलेस्टेरॉलचा. वजनाच्या बाबतीत मात्र असे यश आले नाही. याच दशकांत फिनलंडमध्ये लठ्ठपणा वाढत गेला.