जामसांवलीची मराठी

नकाशावर रेघ ओढली की माणसांची जीभही बदलते, असे आम्हा फायली हाताळणाऱ्यांना वाटते. जामसांवलीला जाऊन पाहावे! पिंपळाखाली पहुडलेला इथला मारुती मध्य प्रदेशात. पण दर्शनाला येणाऱ्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कितीतरी घरांत बोलली जाते ती मराठी.

हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पुढे इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानीही नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली. चुलीवर झुणका आणि ज्वारीची भाकर तशीच राहिली, बागांतली संत्रीही तीच, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारही. शेजारच्या विदर्भात खंजिरी वाजवीत भजने गाणाऱ्या तुकडोजी महाराजांनी तर मराठी आणि हिंदी दोन्हींत रचना केल्या.

२०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. सौंसर त्यात आले. राज्य तेच.

आम्हा गोवेकरांना १६ जानेवारी १९६७ रोजी निदान कौल तरी विचारला गेला. यांना तसे कोणी विचारले नाही. तरीही मराठी टिकली, ती ताटात आणि टाळ-मृदंगात. आपल्या देवळांतल्या भजनातही ती अशीच टिकून आहे, नाही का?